खडकातलं तेल पाण्याने किती निघतं ते मायक्रो सीटीत कसं बघायचं

सुरुवातीला एक हिशोब करून बघा. ६ मिमी व्यासाचा, २० मिमी लांबीचा बेन्थायमर सँडस्टोनचा (वालुकाश्माचा) प्लग, म्हणजे दंडगोल तुकडा, घेतला आणि पोरॉसिटी (दगडात छिद्रांचा वाटा) २२ टक्के धरली तर आतल्या सगळ्या छिद्रांत मिळून जेमतेम ०.१२ मिली द्रव मावतो. त्याला जोडलेली अर्धा मिमी बोअरची नळी मीटरभर असेल तर नुसत्या नळीतच ०.२ मिली असतो. म्हणजे बाहेर किती तेल आलं ते मोजून रिकव्हरी (आतल्या तेलापैकी किती टक्के निघालं) काढायला गेलात तर तुम्ही खडक मोजत नाही, नळी मोजताय. म्हणून या साइजला आकडा मायक्रो सीटीच्या, म्हणजे एक्स-रेने दगडाच्या आतलं बारीक थ्रीडी चित्र काढणाऱ्या स्कॅनच्या, इमेजमधूनच काढावा लागतो, आणि इमेज भरवशाची हवी असेल तर खरी मेहनत स्कॅनच्या आधीच घ्यावी लागते.

एवढा बारीक प्लग कशाला, असं प्रत्येक नवीन माणूस विचारतो. डिटेक्टर २००० पिक्सेल रुंद असेल तर ३८ मिमीच्या नेहमीच्या कोअर प्लगला व्होक्सेल (थ्रीडी इमेजचा सगळ्यात छोटा ठिपका) मिळतो १९ मायक्रॉनचा आणि ६ मिमीच्या प्लगला ३ मायक्रॉनचा. बेन्थायमरची छिद्रं दहा-दहा मायक्रॉनच्या पटीत असतात त्यामुळे ३ मायक्रॉनला ती स्वच्छ दिसतात, १९ ला सगळा धूसर लगदा. दवाखान्यातल्यासारखं सीटी मशीन पण वापरतात, पण त्यात छिद्र दिसत नाही, अख्ख्या कोअरमध्ये कुठे किती टक्के तेल आहे एवढंच कळतं. पहिल्यांदा करत असाल तर बेन्थायमरच घ्या. जर्मनीतल्या बेन्टहाइमचा दगड आहे, जवळपास सगळा क्वार्ट्झ, एकसारखा, क्ले अगदी कमी. तो खाणीतला असल्याने ओव्हनमध्ये वाळवला तरी चालतं, तेलविहिरीतून काढलेला कोअर असेल तर मात्र आधी सॉक्स्लेटमध्ये (गरम सॉल्व्हंटने पुन्हा पुन्हा धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) टोल्युइनने तेल आणि मग मिथेनॉलने मीठ काढायचं, आणि यात घाई अजिबात नको.

आता डोपिंग, म्हणजे पाणी एक्स-रेत वेगळं दिसावं म्हणून त्यात काहीतरी मिसळणं. साधं पाणी आणि डेकेनसारखं तेल एक्स-रेला जवळजवळ सारखंच दिसतं, म्हणून ब्राइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) पोटॅशियम आयोडाइड घालायचं. मी वजनाने ७ टक्क्यांच्या आसपास सुरू करते. कमी घातलं तर तेल आणि पाणी वेगळं ओळखता येत नाही, फार घातलं तर पाणी क्वार्ट्झइतकंच उजळ होतं आणि मग खडक कुठे संपला तेच कळत नाही. आपल्याला तेल काळं, पाणी मधलं करडं आणि दगड उजळ असा क्रम हवा. तीन बारीक नळ्या घ्या, एकीत तेल, एकीत ब्राइन, एकीत दगडाचा तुकडा, आणि प्रयोगाला वापरणार त्याच व्होल्टेजला त्याच फिल्टरने एक झटपट स्कॅन मारा. या अर्ध्या तासाने पुढचे आठवडे वाचतात.

प्लग व्हायटॉन रबराच्या स्लीव्हमध्ये, स्लीव्ह कार्बन फायबरच्या होल्डरमध्ये, कारण स्टील एक्स-रे खाऊन टाकतं. कन्फायनिंग प्रेशर, म्हणजे स्लीव्हवर बाहेरून दिलेला दाब, आतल्यापेक्षा १०-२० बार जास्त ठेवा, नाहीतर पाणी दगडातून न जाता स्लीव्हच्या कडेने पळतं. आणि नळ्या! स्कॅन करताना होल्डर पूर्ण गोल फिरतो आणि सगळ्या नळ्या त्याच्याबरोबर फिरतात. माझा एक रात्रभराचा स्कॅन असाच गेला, नळी थोडी ताणली गेली, होल्डर केसाएवढा हलला, सकाळी बघते तर प्रत्येक कणाला दोन-दोन कडा. तेव्हापासून एक्स-रे सोर्स बंद ठेवून आधी एक पूर्ण फेरी हाताशी उभं राहून बघते, नळीला कुठे ताण येतोय का ते.

पहिला स्कॅन कोरड्या दगडाचा, तो कधीच गाळू नका. मग कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढा, हा गॅस ब्राइनमध्ये विरघळून जातो त्यामुळे बुडबुडे अडकत नाहीत (इमेजमध्ये हवा तेलापेक्षाही काळी दिसते आणि थ्रेशोल्डिंगमध्ये, म्हणजे करडेपणाची हद्द ठरवून भाग वेगळे करताना, गुपचूप तेलात मोजली जाते). मग ब्राइन भरा, मग तेल ढकला आणि दुसरा स्कॅन, मग पुन्हा ब्राइन आणि तिसरा. ब्राइन ढकलताना मिनिटाला ०.०२ मिलीपेक्षा जोर लावू नका. या प्लगला त्या वेगाने कॅपिलरी नंबर (वाहत्या द्रवाचा जोर भागिले केशाकर्षणाचा जोर) दहाच्या उणे सातव्या घाताच्या घरात राहतो, म्हणजे अडकलेलं तेल केशाकर्षणानेच अडकलेलं राहतं. वेग खूप वाढवला तर ते नुसत्या जोराने निघतं आणि तुमची रिकव्हरी खोटीच चांगली दिसते. दहा पोअर व्हॉल्यूम (प्लगमधल्या सगळ्या छिद्रांच्या दहापट पाणी) जायला साधारण तास लागतो, तेवढा धीर धरा. पंप थांबवल्यावर लगेच स्कॅन नको, आत तेल थोडा वेळ सरकत असतं. तिन्ही स्कॅन त्याच जागी, त्याच सेटिंगला.

प्रोसेसिंग फिजी या इमेज सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं. बाकी दोन्ही इमेज कोरड्यावर रजिस्टर करा (अचूक जुळवून बसवा), दाणेदारपणा घालवायला नॉन-लोकल मीन्स फिल्टर लावा, कोरड्या इमेजमधून छिद्रांचा मास्क (कुठे छिद्र आहे त्याचा नकाशा) काढा आणि मग फक्त त्या मास्कच्या आत तेल-पाणी वेगळं करा. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. तेल काळं आणि दगड उजळ, त्यांच्या सीमेवरचा व्होक्सेल दोघांचं मिश्रण म्हणून करडा येतो, आणि करडं म्हणजे तर आपलं पाणी! म्हणजे साधा थ्रेशोल्ड लावला की प्रत्येक तेलाच्या थेंबाभोवती पाण्याचा पातळ थर दिसायला लागतो जो तिथे नाहीच, आणि माणूस खुशाल लिहून मोकळा होतो की दगड वॉटर-वेट (ज्याच्या भिंतीला तेलाऐवजी पाणी चिकटतं असा) आहे. मास्कमुळे हे बरंच कमी होतं, ग्रेडियंटवर वॉटरशेड केलं (करडेपणा जिथे झपाट्याने बदलतो तिथे सीमा आखली) तर अजून कमी.

नीट झालं तर काय दिसतं ते एकदा थ्रीडीत फिरवून बघाच. तेल सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, मोठ्या छिद्राच्या मधोमध सुटा गोळा, बाजूला चार-पाच छिद्रांत हातपाय पसरलेला लांबट गोळा, आणि कणांच्या बेचक्यांत पाणी. चुनखडकाचा, कच्च्या तेलात काही आठवडे ठेवलेला प्लग असेल तर चित्रच बदलतं, तेल वाटीला तूप चिकटावं तसं भिंतीला धरून बसतं. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचं मुख्य तेल चुनखडकातच आहे, त्यामुळे आपल्याकडे हा विषय शिकणाऱ्यांनी सँडस्टोनवर हात बसला की चुनखडकाकडे वळायलाच हवं. फक्त त्यातली बरीचशी छिद्रं व्होक्सेलपेक्षाही बारीक असतात, तिथे डोप केलेल्या ब्राइनने भरलेल्या इमेजमधून कोरडी इमेज वजा करून प्रत्येक व्होक्सेलची पोरॉसिटी काढावी लागते.

आकडा काढायच्या आधी प्रत्येक स्लाइसचं सॅच्युरेशन (छिद्रांत किती टक्के तेल ते) लांबीवर प्लॉट करा. बाहेर पडायच्या टोकाला शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये आलेख एकदम वळला असेल तर तो टोकाचा परिणाम, तेवढा भाग दोन्ही इमेजमधून कापा. उरलेल्यात सुरुवातीला समजा ८० टक्के तेल होतं आणि नंतर ३५ राहिलं, तर ४५ भागिले ८०, म्हणजे ५६ टक्के रिकव्हरी. मग थ्रेशोल्ड थोडा वर-खाली हलवून तेच परत काढा, आणि आकडा जेवढा हलला तेवढी एरर त्याच्यासोबत लिहा.