थंडीत माशांवर पांढरे ठिपके आले तर

मी नाशिकमध्ये लोकांच्या फिश टँक सांभाळतो. काही दवाखान्यांतल्या, काही हॉटेलांतल्या, बाकी घरगुती. डिसेंबरची थंडी पडली की फोन सुरू होतात, "दादा, माशावर रवा भुरभुरल्यासारखं दिसतंय." बहुतेक वेळा तो इक असतो, दुकानदार ज्याला व्हाइट स्पॉट म्हणतात. इक्थिओफ्थिरियस नावाचा हा एकपेशीय परजीवी. येतो बहुधा नव्या माशाबरोबर, आणि रात्री पाणी गार पडून मासे अशक्त झाले की फोफावतो.

आधी टॉर्च बाजूने मारून नीट बघा. ठिपके सुटे, साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचे असतात, आणि मासा दगडाला, पाइपाला अंग घासत असतो. तंतूंचा पुंजका असेल तर ती बुरशी, बारीक सोनेरी धूळ असेल तर वेल्वेट नावाचा दुसरा आजार. नर गोल्डफिशला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला पांढरे दाणे येतात. तो आजार नव्हे, माशाला जाच करू नका. उलट एकही ठिपका न दिसता मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर इक कल्ल्यांत शिरलेला असू शकतो.

आता मुद्द्याचं. जो ठिपका दिसतो त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. किडा तिथे माशाच्या कातडीखाली सुरक्षित बसलेला असतो. पोट भरलं की गळून तळाच्या खडीत जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात. ती पाण्यात मोकळी सुटून नवा मासा शोधतात. मीठ आणि औषध मारतं ते या मोकळ्या पिल्लांना. म्हणून एकच आजारी मासा बादलीत काढून उपयोग नाही, उपचार अख्ख्या टाकीचा करायचा.

माझा भर उष्णतेवर आणि मिठावर. हीटर लावून पाणी हळूहळू, दिवसाला दोन-तीन अंशच वाढवत, ३० अंश सेल्सिअसपर्यंत न्या. गरम पाण्यात किड्याचं चक्र भराभर फिरतं, त्यामुळे पिल्लं लवकर बाहेर येतात. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू हवा. पंपाच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून रात्री तो बंद करणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

मीठ साधं खडेमीठ. आधी टाकीतलं पाणी मोजा: लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा. ६० × ३० × ३० म्हणजे ५४ लिटर. खडी, दगड वजा जाता ४५ धरा. लिटरला एक ग्रॅम प्रमाणे ४५ ग्रॅम मीठ मगभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं ओता, दुसऱ्या दिवशी आणखी तेवढंच. लोच किंवा कॅटफिश, म्हणजे तळाशी राहणारे मासे असतील तर पहिल्या मापावरच थांबा. नाजूक झाडं मिठाने खराब होतात, ती आधीच दुसरीकडे हलवा.

एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदला, आणि ते सायफनची नळी खडीत खुपसून तळातूनच ओढा. हीटरचा प्लग आधी काढायचा. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) घाला आणि थोडं गरम पाणी मिसळून टाकीइतकं कोमट करा. रात्रभर बाल्कनीत ठेवलेली बादली तशीच ओतलीत तर केलेलं सगळं वाया. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, म्हणून जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच पुन्हा घाला.

चार-पाच दिवसांत फरक नसेल किंवा मासे जास्तच मरगळले, तर मॅलाकाइट ग्रीन असलेलं व्हाइट स्पॉटचं औषध आणा. हातमोजे घाला, बाटलीवरचं माप ओलांडू नका, लोच-कॅटफिशला अर्धंच. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, नाहीतर औषध तोच शोषतो. मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत नको: फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि सिलिकॉन कायमचं निळं होतं. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या जिवाणूंसाठी असतात, इथे त्यांचं काही काम नाही. हळदीने फक्त पाणी गढूळ होतं.

शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर ३० अंश आणि मीठ ठेवा, कारण खडीतली कवचं डोळ्यांना दिसत नाहीत. या काळात खायला कमीच घाला. मग पाणी बदलत मीठ उतरवा, कार्बन परत बसवा आणि हीटर २५-२६ अंशांवर आणून थंडी सरेपर्यंत तसाच राहू द्या. जाळी आणि नळी उन्हात कडक वाळवल्याशिवाय दुसऱ्या टाकीत घालू नका.