बीपीची गोळी आणि मनाची गोळी: दोन्ही उपचार एकत्र कसे चालवावेत

घरात कुणाचं बीपी वाढलं की सल्ला ठरलेला: "टेन्शन घेऊ नकोस, उतरेल आपोआप." टेन्शनने बीपी तात्पुरतं चढतं, हे खरं. पण आठवडाभर घरी मोजूनही सरासरी 135/85 किंवा त्याच्या वर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मन थाऱ्यावर येण्याची वाट बघत बसू नये. तसंच, बीपी आटोक्यात आलं म्हणून उदासी जाते असंही नाही. दोन्हींचे उपचार बरोबरीने चालतात. अट एवढीच, की एका डॉक्टरला दुसऱ्याच्या गोळ्या माहीत हव्यात.

सुरुवात मोजण्यापासून. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं, पाय जमिनीवर. पट्टा बाहीवरून नाही, उघड्या दंडावर, आणि हात छातीच्या उंचीला टेबलावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी. सात दिवस वहीत लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. चिंता करणाऱ्यांची एक खोड असते: आकडा जास्त दिसला की लगेच परत, मग परत. प्रत्येक वेळी तो चढतोच! दोनदा मोजलं की मशीन कपाटात.

मनाचं मोजमाप वेगळं. कशातच रस नाही, झोप उडालेली, जीव नकोसा, सतत धास्ती, असं दोन आठवडे रोज चाललं असेल तर फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पुरुष बहुतेक वेळा "डोकं दुखतं, चिडचिड होते" एवढंच सांगून उठतात, आणि संध्याकाळचा पेग वाढवतात. दारूने बीपीही वाढतं आणि उदासीही.

आता खरं काम: एका कागदावर सगळ्या गोळ्या लिहा. गर्भनिरोधक गोळी, काढे, सांधेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली आयबुप्रोफेनसुद्धा, कारण ती बीपी वाढवते. नैराश्यावरच्या व्हेन्लाफॅक्सिननेही, विशेषतः डोस वाढला की, बीपी चढू शकतं. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राममध्ये ही अडचण सहसा नसते. पण याच गटातली औषधं आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी एकत्र आली की वयस्कर माणसांत, त्यातही बायकांत, रक्तातलं सोडियम घसरू शकतं. आजी अचानक बरळायला लागली तर वयावर ढकलू नका, सोडियम तपासा. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिनमुळे बीपीच्या मेटोप्रोलॉलचा परिणाम वाढून नाडी फार मंद होऊ शकते. अॅमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या गोळीवर असाल तर अंथरुणातून उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा, चक्कर येते. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं लिथियम चालू असेल तर बीपीची टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना कळवणं अनिवार्य, कारण रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते.

मूल हवं असेल तर बाईने ते पहिल्याच भेटीत सांगावं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. लॅबेटालॉल, निफेडिपिन असे पर्याय आहेत. पुरुषांचा प्रश्न असा, की दोन्हीकडच्या काही गोळ्यांनी लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी होते. लाजेपोटी ते गुपचूप गोळीच सोडतात. बोललात तर औषध बदलता येतं.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचं, पापड त्यातच धरून. चालणं रोज अर्धा तास, त्याचा उपयोग दोन्हीकडे. समुपदेशनही घ्या.

छातीत धडधड, घाम, बोटांना मुंग्या आणि आकडा 180/120 असं झालं तर? शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला पण बाकी त्रास शमला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मात्र छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही असेल तर पॅनिक अटॅक समजून थांबू नका, लगेच 108. जीव द्यावासा वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवतात. बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू डोस उतरवत. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल आणि क्लोनिडिन या बीपीच्या गोळ्यांनाही हाच नियम. अचानक सोडली तर बीपी उसळू शकतं.