परदेशातल्या इंटरनॅशनल शाळेत शिक्षकाची नोकरी कशी मिळवावी

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नव्या शाळेत रुजू व्हायचं असेल, तर तयारीला या जुलैतच लागा. घाई वाटेल, पण भरतीचं चक्रच तसं फिरतं. उत्तर गोलार्धातल्या बहुतेक इंटरनॅशनल शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि पुढच्या वर्षी राहणार की जाणार, हे त्या आपल्या शिक्षकांना शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच विचारतात. रिकाम्या जागा तेव्हाच कळतात. मुलाखतींची खरी गर्दी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला उरलेल्या जागा येतात. त्यातल्या काही कुणी ऐनवेळी माघार घेतल्याने मोकळ्या झालेल्या असतात, आणि काही शिक्षक टिकतच नाहीत म्हणून दरवर्षी मोकळ्या होतात. पहिल्या प्रकारात चांगली नोकरी हाती लागू शकते. दुसरा प्रकार ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: ही जागा का रिकामी झाली, आणि आधीचे शिक्षक किती वर्षं होते?

शिकवायच्या विषयातली पदवी, शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता आणि त्यानंतरचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, एवढं बहुतेक चांगल्या शाळा मागतात. हा केवळ शाळेचा हट्ट नसतो. अनेक देशांत यातलं काही कमी असेल तर व्हिसाच मिळत नाही. पात्रता नव्याने घेणार असाल तर एक फरक नीट समजून घ्या. ब्रिटिश विद्यापीठांचा पीजीसीईआय हा शिक्षक-प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम पूर्ण केला म्हणजे इंग्लंडचा क्यूटीएस, म्हणजे अधिकृत पात्र शिक्षकाचा दर्जा मिळाला असं होत नाही. परदेशात राहून तो दर्जा मिळवायचा असेल तर २०२२ साली सुरू झालेला आयक्यूटीएस हा वेगळा मार्ग आहे. फी भरण्याआधी शेवटी हातात नेमकं कोणतं प्रमाणपत्र पडणार, हे संस्थेकडून लेखी घ्या.

आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांचा अनुभव नसला तरी अर्ज करा. मात्र आपला अनुभव त्यांच्या भाषेत मांडा. आयबीच्या टप्प्यांपैकी पीवायपी ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, एमवायपी ११ ते १६ आणि डिप्लोमा १६ ते १९ वयोगटासाठी असतो. केंब्रिजची आयजीसीएसई ही परीक्षा साधारण १४ ते १६ वयाची मुलं देतात. तुम्ही कोणत्या वयाला, कोणते घटक, किती खोलात शिकवले, हे लिहिलं की तुलना करणं सोपं जातं. आयबीची पहिल्या पातळीची कार्यशाळा स्वखर्चाने केल्यास अर्ज थोडा उठून दिसतो, पण ती वर्गातल्या अनुभवाची जागा घेत नाही, आणि नेमणूक झाल्यावर बऱ्याच शाळा तिचा खर्च स्वतः करतात.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते शिफारशींवर. ‘संबंधितांस’ असा मायना घालून दिलेलं पत्र इथे चालत नाही. शाळा किंवा शिक्षक-भरतीची एजन्सी शिफारस करणाऱ्याकडून थेट, गोपनीय फॉर्म भरून घेते, आणि त्यात सध्याच्या मुख्याध्यापकांचं नाव हवंच. म्हणून आपण नोकरी शोधतोय हे त्यांना आधीच सांगावं लागतं. ते अवघड वाटतं, पण टाळलं तर शेवटच्या टप्प्यावर शाळा त्यांना फोन करते तेव्हा जास्त अवघड होतं. शिफारस करणाऱ्यांचा शाळेचा अधिकृत ईमेल द्या, खासगी पत्ता दिला की शंका घेतली जाते. ही काटेकोर तपासणी मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे, तेव्हा ती मनापासून पार पाडा. याच कारणाने सीव्हीतली प्रत्येक नोकरी महिना आणि वर्षासकट लिहा. मधला रिकामा काळ कशात गेला तेही लिहा, आणि जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र मागवायला घ्या. देश सोडल्यावर ते मिळवायला कधी कधी महिने जातात.

सीव्ही दोन पानांचा पुरे. त्यात नागरिकत्व, सोबत येणारी माणसं आणि रुजू होण्याची तारीख हवी, कारण व्हिसा आणि घराचा हिशेब त्यावर ठरतो. नवरा-बायको दोघंही शिक्षक असतील तर ठळक लिहा. एका घरात दोन शिक्षक मिळाले तर शाळेला ते परवडतं.

जागा शोधायला टेस या ब्रिटिश शैक्षणिक संकेतस्थळावरच्या जाहिराती आहेतच. सर्च असोसिएट्ससारख्या एजन्सीकडे नोंदणीला शुल्क पडतं, पण ती तुमची कागदपत्रं एकदाच तपासून अनेक शाळांपुढे ठेवते. शाळा निवडल्यावर तिला सीआयएस, एनईएएससी, डब्ल्यूएएससी, कोबिस अशा शाळा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का ते पाहा. दुबईतल्या खासगी शाळांचे केएचडीए या सरकारी संस्थेने जाहीर केलेले तपासणी अहवाल पूर्ण वाचा.

मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते. वेळ कोणत्या देशाची हे लेखी ठरवा, कारण या एका गोंधळात मुलाखती हुकतात. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर काय कराल, हा प्रश्न जवळपास ठरलेला. शांतपणे ऐकून घेईन, गुप्त ठेवण्याचं वचन देणार नाही, स्वतः चौकशी न करता जबाबदार व्यक्तीला लगेच कळवेन, मुलाचे शब्द जसेच्या तसे नोंदवेन, असं उत्तर तिथे अपेक्षित असतं.

करार आला की एकूण आकडा बाजूला ठेवून मूळ वेतन शोधा. अमिरातीच्या कायद्यानुसार नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचं वेतन, पुढे ३० दिवसांचं. समजा दोन शाळा महिना १२,००० दिरहमच देतात, पण एकीकडे मूळ वेतन ६,००० आहे आणि दुसरीकडे ९,०००. दोन वर्षांनी पहिली ८,४०० देईल, दुसरी १२,६००. घरभत्त्यात अनामत आणि वीजबिल धरलंय का? विमानभाडं दरवर्षी की फक्त येता-जाता? मुलांची फी पूर्ण माफ की काही टक्के? विम्यात बाळंतपण आहे का? आठवड्याला किती तास शिकवायचं? करार मधेच मोडला तर काय परत करावं लागेल? उत्तरं तोंडी नकोत, ईमेलवर घ्या. शिवाय तुमच्यासारखं कुटुंब असलेल्या तिथल्या एखाद्या शिक्षकाशी बोलू द्या, असं सांगा. शाळा ते टाळत असेल तर तेही एक उत्तरच समजा. नेमणुकीसाठी किंवा व्हिसासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले, किंवा मुलाखतीशिवाय नेमणूकपत्र आलं, तर तिथेच थांबा.

शेवटी कागदपत्रं. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत अपॉस्टिलचा, म्हणजे कागद अस्सल असल्याचा सरकारी शिक्का पुरतो. बाकीच्यांसाठी दूतावासाकडून साक्षांकन लागतं आणि त्याला वेळ लागतो. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहे, पण दोन देशांपैकी एकाने दुसऱ्याच्या करारात सामील होण्याला हरकत घेतली असेल तर त्यांच्यात तो चालत नाही. आपल्या देशाची नोंद हेग परिषदेच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यात पाहा. पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, त्यावर शिक्का बसत नाही. पदवीवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आत्ताच बघा, कारण लग्नानंतर बदललेल्या नावामुळे प्रकरणं आठवडेच्या आठवडे अडकतात. मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा. चीनला झेड, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलात तर पोहोचल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो, आणि त्या धावपळीत हे कागद पुन्हा पुन्हा काढावे लागतात.