तंजावर शैलीतला नवनीत कृष्ण कसा रंगवावा

तंजावर चित्र पाहताना डोळा आधी सोन्याकडे जातो, पण त्याची खरी शोभा असते वर्खाखालच्या उठावात. भोसल्यांच्या राजवटीत, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८–१८३२) ही कला तंजावरात बहरली. पहिल्यांदा करणाऱ्याने नवनीत कृष्णच निवडावा. गुटगुटीत बाळकृष्ण, लोण्याचं मडकं, वर महिरप. आकार मोठे आणि गोल, त्यामुळे हात लवकर बसतो.

पूर्वी फणसाची फळी घेत, आता प्लायवूड चालतं. १० बाय १२ इंचांचा तुकडा पुरे. मांजरपाट धुऊन त्याची खळ काढा आणि चिंचोक्याच्या खळीने किंवा फेविकॉलने फळीवर चिकटवा. मधून कडेकडे हात फिरवत हवा काढा. वाळलं की वस्त्रगाळ खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून तीन-चार पातळ थर द्या. शेवटी बारीक सँडपेपर मारा. बोटाला कापडाची वीण लागली, तर आणखी एक थर हवा.

आता रेखाटन करा. कृष्ण मधोमध आणि सर्वांत मोठा.

दागिन्यांच्या जागी जयपुरी खडे चिकटवले की उठावाचं काम सुरू होतं. सगळा जीव इथे ओता. तीच पूड आणि डिंक, पण घट्टसर, मेंदीच्या कोनात भरा. आधी कागदावर रेघ ओढून पाहा: पसरली तर मिश्रण पातळ, तुटली तर फार घट्ट. खड्यांभोवती कडा, हारांचे मणी, महिरपीची वेलबुट्टी उठवा. सावलीतच वाळवा, उन्हात भेगा पडतात.

उठावावर डिंक लावून २२ कॅरेटचा वर्ख ठेवा. बोथट काडीने खाचांमध्ये हलकेच दाबला की खालची नक्षी वर येते. खड्यांवरचा वर्ख ब्लेडने कापून काढा. सरावाला नकली वर्ख घ्यायला हरकत नाही, पण तो पुढे काळवंडतो.

रंग सगळ्यांत शेवटी. पोस्टर कलर चालतील. पार्श्वभूमी गडद लाल, हिरवी किंवा निळी आणि सपाट ठेवा. या शैलीत बाळकृष्ण बरेचदा गोराच असतो, तेव्हा सावळा रंग भरायलाच हवा असं नाही. गडद तपकिरी रंगाने बाह्यरेषा काढा.

फ्रेम खोल घ्या, म्हणजे काच खड्यांना टेकणार नाही.