लाईन गेली तरी तास झाला पाहिजे

जून लागला, ॲडमिशनची गर्दी सुरू झाली, आणि दरवर्षीसारखे यंदाही दोन-तीन नवे लोक, त्यातले बहुतेक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, विचारून राहिले की सर ते आयसीटीचं (कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, नेट वापरून शिकवायचं), ऑनलाईनचं नेमकं काय काय तयार ठेवायचं असते. तोंडी सांगून सांगून थकलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, अमरावती विद्यापीठाला जोडलेलं, मी भूगोल शिकवतो, पोट्टे सगळे आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येणारे. नागपूर किंवा गोंडवाना विद्यापीठाकडच्या लोकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, सायन्सवाल्यांनी आपलं जरा वाढवून घ्या.

सगळ्यात आधी खराटा. गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ आपलं, तर सेशनच्या आधी एक सकाळ काढून लॅपटॉप आणि पेन ड्राईव्ह झाडून काढा. 'न्यू फोल्डर', 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हेच घ्या' असं जे काही साचलं असेल ते उघडून पाहा, पेपरप्रमाणे आणि युनिटप्रमाणे लावा, एक कॉपी गूगल ड्राईव्हवर टाका आणि एक दुसऱ्या पेन ड्राईव्हवर. ड्राईव्हवर फुकटात १५ जीबी मिळते पण त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात, म्हणून साळ्याच्या लग्नाचे व्हिडिओ आधी दुसरीकडे हलवा. कॉमन कॉम्प्युटरला लावलेला पेन ड्राईव्ह स्कॅन केल्याशिवाय आपल्या लॅपटॉपला लावू नका, माझे दोन वर्षांचे नकाशे एकदा शॉर्टकट व्हायरसनं गायब केले होते, फाइली आत लपून होत्या म्हणून वाचल्या, नाहीतर रडायचीच पाळी होती.

मग पहिल्या आठवड्यात वर्गात एक कागद फिरवा. कागदच, गूगल फॉर्म नको, कारण ज्याच्याजवळ फोन नाही तो फॉर्म भरणारच नाही आणि तुम्ही खुशीत लिहाल की वर्गात सगळ्यांजवळ फोन आहे. कागदावर चारच गोष्टी विचारा: फोन कोणाचा, तुमच्या हाती किती वाजता येतो, घरी रेंज कुठं मिळते, आणि मेमरी किती शिल्लक आहे. माझ्या वर्गात निम्म्याच्या वर कागदांवर 'बाबांचा' लिहून आलं. बाबांचा फोन म्हणजे तो सकाळी वावरात जातो आणि दिवे लागल्यावर घरी येतो. आता आपण दुपारी दोनला लिंक टाकायची, पाचपर्यंत असाइनमेंट मागायची, आणि वरून म्हणायचं की ही पोरं सिरियस नाहीत! मी तेव्हापासून सगळं रात्री आठला टाकतो आणि परत घ्यायला दोन रात्री तरी देतो. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत तर आठवडा द्या, कारण तेव्हा फोनच काय, पोट्टाही वावरातच असतो.

हा कागद हाती आला की बाकीची तयारी आपोआप ठरते. कशावर शिकवायचं, व्हिडिओ की ऑडिओ की झेरॉक्स, हे त्यावरून काढा, कोणतं ॲप चांगलं हा प्रश्न नंतरचा.

आता लाईन, म्हणजे वीज. प्रोजेक्टरवर तास घ्यायचा तर तो कोणत्या खोलीत चालतो, तिथला सॉकेट ढिला आहे का, एक्स्टेंशन बोर्ड कोणाच्या कपाटात आहे, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा. आमच्याकडचा प्रोजेक्टर जुना, त्याला व्हीजीए वायर लागते, आणि नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असते, तर एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर आपल्या बॅगेत आपला पाहिजे, कॉलेजचा 'आहे कुठंतरी' यावर राहू नका. व्हीजीएची पिन लावताना जोर नाही करायचा, आतली एक बारीक पिन वाकली की पडदा पूर्ण पिवळा नाहीतर जांभळा दिसते, आणि मग मागून आवाज येते, 'सर, नकाशातलं काहीच दिसून नाही राहिलं.' मी ती पिन बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलनं सरळ केली आहे, होते, पण हात थरथरला की गेली. बल्बवाल्या प्रोजेक्टरला एक छोटा यूपीएस लावून घ्या, म्हणजे लाईन गेली तर निदान पंखा चालू राहून बल्ब थंड होते, तापलेला बल्ब एकदम बंद पडला की त्याचं आयुष्य कमी होते आणि नवीन बल्बचा प्रस्ताव कधी मंजूर होईल ते विचारू नका. खिडक्यांना पडदे नसतील तर चवाळं लावा, आम्ही तेच लावतो, दिसायला बरं नाही दिसत पण नकाशा दिसते. स्लाईडवर अक्षर २८ च्या खाली नको. आणि पीपीटीसोबत तीच फाइल पीडीएफमध्येही ठेवा, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट पळून जातात.

फॉन्टवरून आठवलं, हे जरा सविस्तर सांगतो कारण इथं सगळेच फसतात. आपल्याकडे जुने लोक कृतिदेवमध्ये टाईप करत आले, श्रीलिपीवालेही आहेत. एका सहकाऱ्यानं मोठ्या मेहनतीनं प्रश्नपेढी केली आणि ग्रुपवर वर्डची फाइल टाकली, पोरांनी मोबाईलवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा भुसा, एक शब्द लागेना, आणि सरांना वाटलं पोरं बहाणे करून राहिली. गोष्ट अशी की त्या फॉन्टमध्ये खाली इंग्रजी अक्षरंच असतात, वरून नुसता मराठीचा मुखवटा, फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडते. म्हणून यंदापासून सगळं युनिकोडमध्ये, ते कोणत्याही फोनवर मराठीच दिसते. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासूनच असतो, चालू तेवढा करायचा, आणि टायपिंग येत नसेल तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाईप होते, विरामचिन्हं मागून घाला. जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घालाच. आणखी एक कारण आहे. वर्गात एखादा दृष्टिहीन विद्यार्थी असला तर त्याचा फोन टॉकबॅकवर युनिकोड मजकूर वाचून दाखवते, कृतिदेवचा भुसा किंवा वहीच्या पानाचा तिरपा फोटो तो वाचू शकत नाही. आमच्याकडे असा एक मुलगा आला तेव्हा मला हे समजलं, त्याआधी मीही फोटोच टाकत होतो.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर ते पाऊस लागायच्या आधी, सकाळी सहा-साडेसहाला, पंखा बंद करून. टिनाचं छप्पर असेल तर पावसात विसरूनच जा. महाग माईक नाही लागत, वायरवाला इअरफोन घ्या, त्याचा माईक तोंडापासून चार बोटं दूर धरा, बस. एका वेळी एकच मुद्दा आणि दहा मिनिटांच्या वर जायचं नाही. माझं मत विचाराल तर व्हिडिओच्या मागे फार लागू नका, दहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दीड-दोन एमबीत बसते आणि एका काडीच्या रेंजवरही उतरते, व्हिडिओ ५० एमबीच्या वर जाते आणि पोराचा दिवसाचा डेटा खाते. दोन वर्षांपूर्वी मी काळ्या मातीवर असाच एक ऑडिओ टाकला होता, बेसाल्ट, दख्खनचा लाव्हा, रेगूर वगैरे. आठवड्यानं एक पोट्टा उभा राहिला, म्हणे सर, हरभऱ्यात जागलीला होतो, रानडुकरं येतात म्हणून झोपता येत नव्हतं, मचाणावर बसून तीनदा ऐकलं, 'पण बेसाल्टपासून काळी माती होते तर मग आमचं वावर बरड काहून?' असा प्रश्न मला वर्गातल्या तासावर कधी आला नव्हता. त्याच्या उत्तरात उतार, धूप, मातीच्या थराची खोली सगळं आलं, तो तास मी फळ्यावरच घेतला.

नकाशे आणि आकृत्या व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नका टाकू, डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर अक्षरं चोळामोळा होतात. ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहील अशी सेटिंग ठेवा, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली असाइनमेंट गाडली जाते. शंकांसाठी पाहिजे तर वेगळा ग्रुप करा. गूगल मीटवर साध्या जीमेलनं जास्त जण असले की ६० मिनिटांत मीटिंग बंद पडते, झूम फुकटात ४० मिनिटं, हे ध्यानात ठेवून तास आखा. खरं सांगू तर आमच्याकडे थेट ऑनलाईन तास फक्त पुरात रस्ता बंद झाला तेव्हाच घेतो.

आता साधनं. पहिले ग्रंथपालांकडे जा आणि एन-लिस्टचा लॉगिन मागा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची ऑनलाईन लायब्ररी आहे ही, कॉलेज सभासद असलं की प्राध्यापकालाही मिळते आणि विद्यार्थ्यालाही, हजारो जर्नल्स आणि लाखाच्या वर ई-बुक्स घरबसल्या, आणि आपले निम्मे लोक नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणारी) टीम यायच्या महिनाभर आधी तो पासवर्ड शोधून राहतात. ई-पीजी पाठशाला, म्हणजे एमए-एमएस्सीच्या विषयांचा ऑनलाईन मजकूर, स्वतःच्या तयारीसाठी चांगली, पण मजकूर बहुतेक इंग्रजी, तो तसाच्या तसा बीएच्या पोरांवर फेकू नका, वाचा आणि आपल्या मराठीत दोन पानं काढा. व्याख्येला, संज्ञेला मराठी विश्वकोश, तो ऑनलाईन आहे. कॉम्प्युटर शिकायचा-शिकवायचा तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, दहा-दहा मिनिटांचे, मराठीतही आहेत, लिब्रेऑफिसपासून सगळं, ऐकायचं आणि बाजूला करत जायचं. लाजू नका, मी एक्सेल त्या पद्धतीनंच शिकलो. सायन्सवाल्यांना पडद्यावर प्रयोग करायला व्हर्च्युअल लॅब्ज, भूगोलवाल्यांना इस्रोचं भुवन (उपग्रहाच्या नकाशांचं पोर्टल), आपल्या गावाचा बंधारा पडद्यावर दिसला की मागच्या बाकावरचेही पुढे येतात. नेट लागणारं जे काही दाखवायचं ते आदल्या रात्री उतरवून ठेवा, उतरत नसेल तर स्क्रीनशॉट.

स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाईन कोर्सचं पोर्टल २०१७ मध्ये आलं, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात. कोर्स फुकट, परीक्षेची फी वेगळी. पण पोराला नाव नोंदवा म्हणायच्या आधी परीक्षेचं सेंटर कुठं येईल आणि तिथं जायला पहाटेची गाडी आहे का हे पाहून घ्या. स्वतः एखादा कोर्स करून पाहा, व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चा आणि टेस्ट ही चौकट कशी बांधतात ते दिसते, पुढं आपला ई-कंटेंट करायला तेच कामी येते. ट्रेनिंगसाठी अमरावती आणि नागपूर विद्यापीठातली केंद्रं आहेत, आधी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज म्हणत, मग एचआरडीसी, २०२३ पासून मालवीय मिशन. बरेच कार्यक्रम ऑनलाईन असतात. पर्मनंटवाल्यांना कॅससाठी, म्हणजे पदोन्नतीसाठी, लागतातच, सीएचबीवाल्यांनी फॉर्म भरायच्या आधी पात्रता वाचून घ्या. कॅमेरा बंद करून प्रमाणपत्र गोळा करण्यापेक्षा एकच करा पण त्यातली एक तरी गोष्ट वर्गात आणा. आमच्याकडे एकदा इंटरॅक्टिव्ह बोर्ड आला, ट्रेनिंग झालं पंधरा मिनिटांचं, चहासकट, आता त्याचा पेन हरवला आहे आणि बोर्डावर वेळापत्रक चिकटवलं आहे.

एआयचं थोडक्यात. पोरं वापरतातच, तुम्हीही वापरा, प्रश्नांचे नमुने काढायला, इंग्रजी उताऱ्याचा कच्चा अनुवाद करायला वेळ वाचते. पण एका ॲपनं मला पैनगंगा नेऊन तापीत मिळवून दिली होती, तीही एकदम शुद्ध मराठीत. पैनगंगा वर्धेला मिळते हे आमच्या वणीकडच्या पोट्ट्यांना पाठ आहे, मी तो उतारा वर्गात वाचला आणि चूक शोधा म्हटलं, मजा आली. असाइनमेंट मात्र आपल्या गावावरची द्या, गावातली विहीर किती फूट, पाणी कोणत्या महिन्यात खाली जाते, हे कोणतं ॲप सांगेल!

एबीसी आयडीचं (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याच्या नंबरचं) काम ऑगस्टच्या आत उरकून टाका. डिजिलॉकरवरून होते, पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जाते, म्हणजे परत बाबांच्या फोनवर, म्हणजे वावरात. पोरांना एक दिवस आधी सांगा की उद्या फोन मागून आणा, आणि आधारवरचं नाव आणि टीसीवरचं नाव जुळते का तेही पाहायला लावा. आधारचे फोटो ग्रुपवर मागवू नका बाप्पा, आपल्या पोरींचे नंबर-पत्ते गावभर फिरवायचे आहेत का?

शेवटी माणसं. एका कागदावर लिहून ठेवा: ग्रंथपाल, आयक्यूएसीवाले (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे), लॅब अटेंडंट, आणि बाजारातला तो मोबाईल रिपेअरवाला ज्याला केबल जोडता येते. हेल्पलाईनचा नंबर लागेपर्यंत आपला तास संपून जाते, लॅबचे भाऊ मात्र दोन मिनिटांत येतात, फक्त त्यांना प्रोजेक्टर पाहिजे हे आदल्या दिवशी सांगत जा, दारात उभं राहून नाही. पोर्टलचा युजरनेम एकट्याच्या डोक्यात ठेवू नका, सर रिटायर झाले आणि पासवर्ड सोबत गेला असं आमच्याकडे झालेलं आहे. आणि हॉलची दुसरी किल्ली कोणाकडे असते ते आजच विचारा, पोळ्याला आणि तान्ह्या पोळ्याला भाऊ गावी जातात, किल्ली त्यांच्या खिशात असते.