अनोळखी तळ्यावर गळ टाकायचा तर

बँकेच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. खटाव, माण, फलटण, पुरंदर असा फिरलो. भांडीकुंडी लागली की पहिल्या रविवारी गावचा पाझर तलाव गाठायचा, हा माझा नेम. इकडचे कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांवर लोकांनी खणलेले, त्यामुळे त्यांची ठेवण साधारण एकच: ओढा अडवणारा मातीचा भराव, पाण्याच्या अंगाला दगडांचं पिचिंग, एका कडेला सांडवा. एक तलाव कळला की पुढचा निम्मा कळतो. उरलेल्या निम्म्यासाठी पहिला तासभर गळ पिशवीतच ठेवायचा.

आदल्या दिवशी चौकशी करा. तळं छोटं असलं तरी मासेमारीचा ठेका बहुधा कुणाकडे तरी असतो, आणि त्यानं पैसे मोजून बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडलेली असते. मी सरळ ठेकेदाराला गाठतो, एक काठी, एक दिवस, मासा निघाला तर वजनाचे पैसे, असं बोलून घेतो. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या काठावर मात्र फुकट बोलावलं तरी जाऊ नका. तो कागद शेवाळानं बुळबुळीत होतो. आत घसरलेल्या माणसाला चढायला काही धरायला मिळत नाही.

सकाळी साडेसहाला पोचा आणि पूर्ण फेरी मारा. भरावाजवळ पाणी सगळ्यात खोल, म्हणून नवखा तिथंच बसतो. मीही बसलो होतो, माण तालुक्यातल्या माझ्या पहिल्याच तळ्यावर. दुपारपर्यंत सात वेळा गळ कोरा वर आला. म्हशी धुणाऱ्या एका आजोबांनी शेवटी राहवेना म्हणून हाक मारली, "पाव्हणं, त्या दगडात खेकडं हायती. दिसभर त्यास्नीच जेवाय घालताय व्हय?" मग हातानंच दाखवलं, जिथं ओढा तळ्यात शिरतो तिथं, बुडालेल्या बाभळीच्या जरा अलीकडे. तासाभरात दोन मृगळ. तेव्हापासून म्हशीवाला दिसला की आधी त्याच्याशी दोन शब्द बोलतो.

फेरीत पाण्याकडे बघताना बुडबुड्यांवर नजर ठेवा. एकाच जागी मोठे बुडबुडे येऊन थांबले तर तो चिखलातला वायू. बारीक बुडबुड्यांची रांग हळूहळू पुढं सरकत असेल तर खाली मृगळ किंवा सिप्रिनस (कार्प जातीचा मासा) चिखल उकरत चाललाय. उथळ पाण्यात ताटलीएवढे गोल खळगे दिसले की चिलापी आहे. नर घरटी करतात. आणि लालसर पिल्लांचा घोळका वर येऊन श्वास घेताना दिसला तर खाली मरळ राखणीला असते. तिथं गळ टाकू नका. ती गेली की पिल्लांना इतर मासे फस्त करतात.

जागा ठरली की खोली मोजा. तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोऱ्याला, जड नट बांधून सोडायचा आणि नट तळाला टेकला की तंगूस कुठं ओला झाला ते बघायचं. तरंगा त्या मापानं बांधा. मृगळासाठी आमिष तळाला टेकलेलं, रोहूसाठी मधल्या पाण्यात, कटल्यासाठी वरच्या थरात. तरंग्याला मी ज्वारीच्या वाळक्या ताटाचा बोटभर तुकडा वापरतो. दुकानातले रंगीत तरंगे माशापेक्षा गिऱ्हाइकाला जास्त आवडतात.

आमिष घरूनच न्या. दोन मुठी कणीक, एक मूठ शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर भाजून कुटलेली मेथी. पाणी बेताचं, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला, त्याच्या तंतूंमुळे गोळी गळावरून सुटत नाही. गोळी हरभऱ्याएवढी, टोक जेमतेम झाकेल इतकी. उरलेल्या पेंडीत कोंडा कालवून लिंबाएवढे तीन गोळे बसल्या जागेसमोर टाका आणि मग पाऊण तास गप्प बसा. दर दहा मिनिटांनी गोळे टाकणाऱ्याचे मासे पोट भरून निघून जातात.

चिलापी टुकटुक करते, तरंगा नाचतो. तेव्हा ओढू नका. तरंगा तिरपा होऊन सरकायला लागला की मनगटानं हलका हिसका, बस्स. खांद्यापासून ओढलंत तर ओठ फाटेल नाहीतर तंगूस तुटेल. चिलापी धरताना तळहात डोक्याकडून शेपटीकडे सरकवा, पाठीवरचे काटे दबतात. उलट्या बाजूनं धरलीत तर संध्याकाळी हिशेबाची वही धरवणार नाही. वीतभराच्या आतला रोहू-कटला ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात.

तुटलेला तंगूस गोळा करून पिशवीत घाला, बगळ्यांच्या पायात गुंततो. पकडलेले मासे जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात लोंबकळत ठेवणार असाल तर अधूनमधून उचलून बघा. पुरंदरला मी डबा खात बसलो होतो आणि एक दिवड, म्हणजे पाणसाप, पिशवीबाहेर लोंबणारं चिलापीचं शेपूट धरून मन लावून खेचत होती. बिनविषारी असते, पण सोडत नाही. मीच सोडली.