इंग्रजीतलं 'गेट' कसं ओळखावं? होमस्टेवाल्यांसाठी, होडीवाल्यांसाठी आणि बाकी सगळ्यांसाठी

तारकर्ली-देवबागला नाहीतर गुहागर-हर्णैला सीझनमध्ये इंग्रजी बोलणारे पाहुणे आले की गाडं मोठ्या शब्दांपाशी अडत नाही. 'ब्रेकफास्ट', 'चेकआउट', 'एक्स्ट्रा बेड' हे आता शाळकरी पोरांनाही येतं. अडतं ते 'गेट' या एवढ्याशा क्रियापदापाशी. (फाटकाचं गेट वेगळं. त्यातला 'ए' लांब, या 'गेट'मधला आखूड.) पाहुणा सकाळपासून रात्रीपर्यंत पन्नास वाक्यांत 'गेट', 'गॉट', 'गेटिंग' म्हणतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात वेगळंच असतं.

इंग्रजीत असे बहुरूपी शब्द बरेच आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले. त्याला नऊ महिने लागले. १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत जास्त अर्थांचा मान 'सेट'कडे होता. पण कोशातली स्पर्धा कोणीही जिंको, समोरच्या माणसाच्या तोंडात रोज असतं ते 'गेट', म्हणून सुरुवात तिथून करू.

पहिली पायरी: 'मिळणे' विसरा, 'लागणे' आठवा

शाळेत 'गेट म्हणजे मिळणे' असं घोकून घेतलेलं असतं. ते चूक नाही, पण त्यावर अडून बसलात तर पुढचं काही उलगडत नाही. त्याऐवजी आपलं 'लागणे' आठवा. भूक लागते, ठेच लागते, पोराला नोकरी लागते, कलमाला आंबे लागतात, फोन लागतो, घाट लागतो, पावसात बाहेर जावं लागतं, आणि शेजारी आपला चुलता लागतो. या सगळ्याला एक अर्थ कोणी विचारला तर आपणही डोकं खाजवू. तरी बोलताना एकदाही चुकत नाही, कारण आपण एकटं 'लागणे' ऐकतच नाही, त्याच्या शेजारचा शब्द ऐकतो.

गंमत म्हणजे यातली बरीच वाक्यं इंग्रजीत सरळ 'गेट'वर जातात. नोकरी लागली: 'ही गॉट अ जॉब'. फोन लागला: 'आय गॉट थ्रू'. बोलणं मनाला लागलं: 'इट गॉट टू मी'. मला बोट लागते: 'आय गेट सीसिक'. हे शेवटचं वाक्य सिंधुदुर्ग किल्ल्याला माणसं नेणाऱ्यांनी पाठच करावं. 'आय गेट सीसिक' म्हणणारी बाई काही मागत नाहीये, तिला ओकारी होऊ शकते हे ती आधीच सांगतेय.

मालवणीवाल्यांना आणखी एक सोय आहे. 'बांगडो गावलो', 'गाडी गावली', 'चोर गावलो' या तिन्ही ठिकाणी 'गॉट' बिनदिक्कत बसतं.

दुसरी पायरी: पुढे कोण बसलंय ते बघा

पुढे वस्तू असेल तर अर्थ मिळणे, आणणे, विकत घेणे यांपैकी एक. 'कॅन आय गेट अ कॉफी?' म्हणजे कॉफी मिळेल का. ही अमेरिकी ढब आहे. जुन्या वळणाच्या ब्रिटिश माणसांना ती खटकते, पण तुम्ही कॉफी आणा.

'हॅव गॉट' हा मात्र नुसता 'आहे'. 'वी हॅव गॉट टू किड्स' म्हणजे त्यांना दोन मुलं आहेत.

पुढे विशेषण असेल तर 'होणे'. 'इट्स गेटिंग डार्क' म्हणजे अंधार पडतोय. यात विशेष काही नाही.

पुढे 'स्टक', 'स्टंग', 'स्टोलन' असं रूप आलं की कान टवकारा, कारण बहुतेक वेळा काहीतरी बिनसलेलं असतं. 'अवर कार गॉट स्टक' म्हणजे पुळणीत गाडी रुतली. गाडी किनाऱ्यावर घालू नका असं सांगूनही ती घातली जातेच, तेव्हा हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. 'आय गॉट स्टंग' म्हणजे पाण्यात काहीतरी चावलं, बहुधा जेलीफिश. मग 'कॅन वी गेट द कार पुल्ड आउट?' असं आलं, तर ते स्वतः ओढणार नाहीत, ट्रॅक्टरवाल्याकडून ओढून घेता येईल का असं विचारतायत. आपलं 'करून घेणे', तेच हे.

आणि पुढे 'टू' (दोनवाला नव्हे, क्रियापदाआधी येणारा) असेल तर जरा थांबायला हवं. 'वी गॉट टू सी डॉल्फिन्स' म्हणजे डॉल्फिन बघायला मिळाले, पाहुणा खूश आहे. 'वी हॅव गॉट टू लीव्ह' म्हणजे निघावं लागणार. मराठीत या दोन जागी 'मिळणे' आणि 'लागणे' असे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजी एकावर भागवते. त्यात बोलताना 'हॅव' गिळतात आणि उरतं 'वी गाडा लीव्ह'. ते 'गाडा' म्हणजे 'गॉट टू'च. ते ऐकलं की बिल तयार करायला घ्या.

तिसरी पायरी: शेपटीचे शब्द

खरी मजा इथे आहे आणि वेळही इथेच घालवावा. 'इन', 'ऑन', 'ऑफ', 'बाय', 'ओव्हर' हे शब्द दिसायला किरकोळ, पण वाक्याचा अर्थ तेच ठरवतात.

वाहनांपासून सुरुवात करा. कार, रिक्षा, छोटी होडी यांत 'गेट इन' आणि 'गेट आउट'. बस, रेल्वे, जहाज यांत 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. आत उभं राहून चालता येत असेल तर 'ऑन', एवढा नियम पुरतो. आपल्याकडे मात्र एक वेगळंच रूढ आहे: 'गेट डाउन ॲट कुडाळ'. भारतात हे सगळ्यांना कळतं आणि त्याबद्दल कोणी लाजायचं कारण नाही. पण लंडनहून आलेल्याला डब्यात 'गेट डाउन!' असं ओरडून सांगितलंत तर तो डोकं खाली घालून बाकाखाली शिरेल, कारण त्याच्या कानाला ते 'खाली वाका' असं ऐकू येतं. त्याला 'गेट ऑफ' सांगा. शिवाय 'धिस रेन गेट्स मी डाउन' असं कोणी म्हणालं तर ते उतरण्याबद्दल नाही, पावसाने त्याचं मन खट्टू झालंय. कोकणात जुलैमध्ये आल्यावर दुसरं काय होणार!

बाकीच्यांचे मराठी जोडीदार शोधले की ते डोक्यात राहतात. 'गेट बाय' म्हणजे भागणे: 'माय हिंदी इज बॅड, बट आय गेट बाय'. 'गेट अलाँग' म्हणजे पटणे. 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे. 'गेट अराउंड' म्हणजे फिरणे, पण बातमी 'गेट अराउंड' झाली तर ती गावभर झाली. 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट?' हा प्रश्न जरा तिखट आहे: तुमचा रोख कुठे आहे? 'गेट बॅक टू यू' म्हणजे नंतर कळवतो, आणि आरक्षणाच्या बाबतीत याचा अर्थ बहुतेक वेळा 'येणार नाही' असाच असतो. 'गेट बॅक ॲट' म्हणजे उट्टं काढणे. नुसतं 'गेट बॅक!' म्हणजे मागे हो.

माझा आवडता आहे 'गेट अवे विथ'. याला मराठीत 'पचणे' इतका नेमका शब्द दुसरा नाही. 'ही गॉट अवे विथ इट': त्याने केलं आणि त्याला ते पचलं. याच कुळातलं 'गेटअवे' हे नाम मात्र सज्जन आहे. होमस्टेच्या जाहिरातीत 'वीकेंड गेटअवे' लिहितात, त्याचा अर्थ दोन दिवस कामधंद्यापासून सुटका. तेच नाम गुन्ह्याच्या बातमीत 'गेटअवे कार' म्हणून आलं की पळून जायची गाडी.

चौथी पायरी: सूर ऐका

बोलभाषेतल्या वळणांना व्याकरण पुरत नाही. समजा, सोलकढीसकट सुरमईची थाळी खाऊन झाल्यावर तुम्ही दर सांगितला आणि पाहुणा डोळे विस्फारून 'गेट आउट!' म्हणाला. तो तुम्हाला घराबाहेर काढत नाहीये. 'गेट आउट!' किंवा 'गेट आउट ऑफ हिअर!' हे अशा वेळी 'काय सांगतंस!' असतं. चेहरा हसरा असेल तर खुशाल हसा. चेहरा तांबडा असेल तर पहिला अर्थ घ्या.

'गेट लॉस्ट' म्हणजे चालता हो, हे सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फोनवर 'वी गॉट लॉस्ट' ऐकू आलं तर रागावू नका. ती माणसं वाट चुकलीत, कर्ली नदीच्या काठाने भलतीकडे गेली असतील.

'आय गेट इट' म्हणजे कळलं. दारावर टकटक झाल्यावर 'आय विल गेट इट' म्हणजे मी बघतो. आईने पोराला दटावून 'यू आर गोइंग टू गेट इट' म्हटलं तर त्याला आता फटके. जेवणाच्या टेबलावर दोन मित्रांत 'आय विल गेट धिस' झालं की बिल त्याच्यापुढे ठेवा, तो पैसे भरतोय. 'आय गॉट धिस' म्हणजे माझं मी सांभाळतो, सामान उचलायला धावू नका. 'आय गॉट यू' म्हणजे समजलं, किंवा मी आहे ना तुझ्या पाठीशी. तेच घाईत 'गॉचा' होतं, आणि त्यात 'कसं पकडलं!' हा आनंदही मिसळतो. 'यू गॉट मी' म्हणजे 'मला काय माहीत' किंवा 'पकडलंत बुवा'.

'गेट रिअल', 'गेट अ लाइफ', 'गेट ओव्हर इट' ही तिन्ही टोचणारी आहेत: शुद्धीवर ये, दुसरं काम नाही का, पुरे झालं आता. 'गेट अ रूम' ऐकून खोली दाखवायला निघू नका. चारचौघांत लगट करणाऱ्या जोडप्याला तो मारलेला टोमणा असतो. आणि एक सावधगिरी: 'गेट ऑन' म्हणजे चढा, पण मध्ये 'इट' घालून 'गेट इट ऑन' केलंत की गोष्ट शयनगृहात जाते. होडीत बसवताना हा 'इट' किनाऱ्यावरच ठेवा.

पाचवी पायरी: ओळखा सगळं, बोला थोडं

या टोचऱ्या आणि चावट प्रयोगांची नुसती ओळख ठेवावी, वापर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परक्या भाषेतली शिवराळ सलगी तोंडात उसनी वाटते, आणि सूर किंचित चुकला तर अपमान होतो. स्वतः बोलायला 'गेट इन', 'गेट ऑफ', 'आय विल गेट यू अ टॉवेल', 'आय डिडन्ट गेट यू' एवढं भांडवल भरपूर आहे. शेवटच्याऐवजी 'सॉरी, व्हॉट डू यू मीन?' विचारलंत तरी उत्तम.

वही ठेवणार असाल तर सुटे शब्द लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा. कोण कोणाला म्हणालं, कुठे म्हणालं, तेही लिहा. समोर मराठीतलं वाक्य लिहा, शब्दार्थ नको. केंब्रिज किंवा मेरियम-वेब्स्टरचा कोश फोनवर फुकट बघता येतो. त्यात नुसतं 'गेट' शोधलंत तर बुडाल, म्हणून 'गेट बाय', 'गेट ओव्हर' असं जोडीनेच शोधा. १९९९ पासून चालू असलेली अर्बन डिक्शनरी तरुणांच्या बोलीसाठी कामाची आहे, पण तिथे कोणीही काहीही लिहितं आणि त्यातलं पुष्कळसं पोरांसमोर वाचण्याजोगं नसतं.

जिथे 'गेट' टाळावं

अर्जात, हॉटेलच्या पत्रात, बँकेच्या मेलमध्ये 'गेट'ऐवजी 'रिसीव्ह', 'बाय', 'अराइव्ह', 'अंडरस्टँड' असं नेमकं क्रियापद घाला. पाट्यांवरही तसंच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बोटीवर जाणाऱ्या पोरांना हे जास्तच लागू आहे. एका जहाजावर अनेक देशांची माणसं असतात, आणि एकाच शब्दाचे चार अर्थ झाले तर तिथे जिवाशी गाठ पडते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावरच्या बोलण्यासाठी ठरीव इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला. त्यामुळे रेडिओवर ऐकू आलं नाही तर 'आय डिडन्ट गेट दॅट' म्हणायचं नाही. 'से अगेन' म्हणायचं.